दार नीट लावलं होतं हो!

"तू दार नीट लावलं नसशील."

गेल्या पावसाळ्यात हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, त्याची गणती नाही. यांच्याकडून ऐकलं, पुण्याला शिकणाऱ्या लेकाकडून फोनवर ऐकलं, गॅरेजवाल्याकडून ऐकलं, शेजारच्या काकांनी तर गच्चीवरून ओरडून सांगितलं. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं की खरंच, आपणच धांदरट असू. पिशव्या उतरवायच्या, सासूबाईंना हात द्यायचा, छत्री सांभाळायची, त्यात एखादं दार राहत असेल अर्धवट.

झालं होतं असं. आमची छोटी गाडी, दहा वर्षांची. हे लोट्याच्या कारखान्यात शिफ्टला कंपनीच्या बसने जातात, त्यामुळे चिपळुणात गाडी चालवते ती मीच. शाळा, बाजार, बँक, आईंचा डॉक्टर, सगळं माझ्याकडे. एका सकाळी किल्ली फिरवली तर गाडी नुसतीच टक् टक् टक्. बॅटरी उतरलेली. आत बघते तर छतातला दिवा मिणमिणतोय, रात्रभर चालू राहिलेला. मग काय, सुनावणी झाली. निकाल ठरलेला होता.

त्या रविवारी नवी बॅटरी घातली. साडेचार हजार गेले. महिन्याभरात पुन्हा तेच! या वेळी मात्र रात्री मी स्वतः चारही दारं ओढून, मागची डिकी दाबून बघितली होती. शपथेवर सांगते. तरी सकाळी दिवा चालू आणि बॅटरी थंड. मी म्हणत होते दार लावलंय, गाडी म्हणत होती उघडं आहे, आणि घरातल्या सगळ्यांचा विश्वास गाडीवर.

गॅरेजमध्ये गेले तर तिथला पोरगा माझ्याकडे न बघताच म्हणाला, "वहिनी, साहेबांना पाठवा ना, त्यांना समजावून सांगतो." गाडी मी आणलेली, तक्रार माझी, पैसे माझ्या पर्समध्ये. पण समजावून सांगायचं साहेबांना! साहेब त्या वेळी लोट्यात बॉयलरपाशी उभे. मी म्हटलं, मलाच सांगा. तर म्हणाला, "काही नाही हो, दार जरा जोरात आपटत जा." झालं निदान! त्यानंतर पंधरा दिवस मी दारं अशी आपटली की आई म्हणाल्या, "कोणावर राग काढतेस गं?"

आणि मग ती रात्र आली. जुलैचा महिना, कोकणातला पाऊस काय असतो ते वेगळं सांगायला नको. रात्री साडेअकराला आईंना दम लागला. पंप घेतला, वाफ दिली, उतार पडेना. ओठ निळसर दिसायला लागले. यांची रात्रपाळी. मी किल्ली घेऊन धावले. किल्लीचं बटण दाबलं, दार उघडेना, आवाजसुद्धा नाही. किल्ली भोकात घालून दार उघडलं. स्टार्टर मारला, टक्... आणि गप्प. डॅशबोर्डसुद्धा पेटला नाही. भर पावसात मी गाडीच्या स्टिअरिंगवर डोकं टेकून दोन सेकंद बसले असेन. तेवढी दोन सेकंद मला अजून आठवतात. मग समोरच्या रिक्षावाल्या भाऊंचं दार वाजवलं. बिचारे बनियनवरच आले. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, औषधाची वाफ दिली, पहाटे चारला आईंना बरं वाटलं. पण भाऊ त्या रात्री भाड्याने रत्नागिरीला गेलेले असते तर? हा विचार मनात आला की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

सकाळी घरी आल्यावर मी ठरवलं, आता हे दुखणं मीच शोधणार.

मैत्रिणींनो, खरं सांगू? ते दुखणं शोधायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. आपल्या स्वयंपाकघरात ती वस्तू रोज आपल्यासमोर असते. फ्रिजचं दार उघडलं की दिवा लागतो, बंद केलं की विझतो. कसा? चौकटीत एक छोटं बटण असतं, दार त्याच्यावर टेकलं की दिवा बंद. आपण सगळ्यांनी लहानपणी ते बटण बोटाने दाबून फ्रिज फसवलाय. गाडीत हीच युक्ती आहे, दुसरं काही नाही. जुन्या गाड्यांमध्ये दाराच्या चौकटीत रबराची टोपी घातलेलं असंच बटण दिसायचं. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत ते बाहेर दिसत नाही. दाराच्या कडेला जे लॉक असतं, ज्याचा लोखंडी जबडा चौकटीतल्या कडीला पकडतो, त्याच्या पोटात एक इवलासा स्विच बसवलेला असतो. जबडा पुरता मिटला की स्विच सांगतो, दार बंद. तो स्विच अडकला किंवा त्याच्या आत ओल गेली, की दार घट्ट लागलेलं असूनही गाडीला ते उघडंच वाटतं.

मग दिवा चालू राहतो. डॅशबोर्डवर ते उघड्या दाराचं लाल चित्र जात नाही. किल्लीच्या बटणाने लॉक होत नाही, किंवा झाल्यासारखं करून पुन्हा उघडतं. आता नव्या गाड्यांत दिवा काही मिनिटांनी आपोआप विझतो म्हणून लोक निर्धास्त असतात, पण कित्येकदा दार उघडं समजून गाडीचं आतलं यंत्र जागंच राहतं आणि थोडी थोडी वीज खात राहतं. एका दिव्याने अशी किती वीज जाते, असं आमचे हे म्हणाले होते. मी हिशेब केला. छतातला साधा बल्ब दहा वॉटचा, बॅटरी बारा व्होल्टची, म्हणजे तासाला पाऊण-एक अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी पस्तीस अँपिअर-तासांच्या आसपास. भरलेली, नवी असेल तर एक रात्र काढेलही. पण आमची गाडी रोज शाळेपर्यंत दीड किलोमीटर जाते आणि येते. एवढ्याशा अंतरात काय चार्जिंग होणार? रोज थोडी कमी, रोज थोडी कमी. घरखर्चाच्या वहीसारखंच आहे ते! जमा कमी आणि खर्च चालूच, तर महिनाअखेरीला डबा रिकामा. नवी बॅटरी महिन्यात का झोपली, ते मला तेव्हा कळलं. बॅटरीचा दोष नव्हताच. साडेचार हजार मात्र गेले.

आता प्रश्न होता, चारातलं कुठलं दार? आणि पाचवी डिकी, तीही दारातच मोजायची, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आमच्या गाडीत सगळ्या दारांना मिळून एकच लाल चित्र आहे. संध्याकाळी अंधार पडल्यावर मी सगळी दारं लावली आणि बाहेरून एकेका दारावर हाताने दाबत, कमरेने धक्का देत फिरले. आई व्हरांड्यात शाल गुंडाळून बसल्या होत्या. मागच्या डाव्या दाराला धक्का दिला आणि आई ओरडल्या, "अगं, विझला! विझला बघ क्षणभर!" पुन्हा दाबलं, पुन्हा दिवा लुकलुकला. सापडला चोर. आणि दार कुठलं, तर आईंचंच. त्या रोज तिथूनच चढतात-उतरतात. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता, जणू त्यांनीच गाडी दुरुस्त केली.

दुसऱ्या दिवशी मी त्या गॅरेजला गेलेच नाही. बाजारपेठेत एक वयस्कर चाचा आहेत, गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात. छोटीशी टपरी, पण हात सोन्याचा. त्यांना म्हटलं, "मागचं डावं दार, लॉकमधला स्विच." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, हे कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "मी आणि माझ्या सासूबाईंनी."

मग त्यांनी मला बाजूला उभं करून सगळं दाखवलं. ते इथे सांगते, कारण कोणी सांगत नाही. दार उघडं ठेवायचं. लॉकच्या जबड्यात स्क्रू ड्रायव्हर घालून तो वर ढकलायचा. कट् कट् असे दोन आवाज येतात, जबडा मिटतो. म्हणजे दार उघडं, पण गाडीच्या दृष्टीने बंद. डॅशबोर्डवरचं लाल चित्र जायला हवं. आमचं गेलं नाही. खात्री झाली. (आणि हो, हे करून झाल्यावर दाराचं हँडल ओढून जबडा पुन्हा मोकळा करायचा, मगच दार लावायचं. मिटलेल्या जबड्यावर दार आपटलं तर लॉक मोडतं. चाचांनी हे मला तीनदा बजावलं.) मग त्यांनी नळी लावून आत क्लीनरचा फवारा मारला, वायरिंगच्या कामाला वापरतात तो, लगेच उडून जाणारा. जबडा वीस-पंचवीस वेळा उघडमीट केला. काळं पाणी ओघळलं. मी विचारलं, शिवणयंत्राचं तेल घालू का घरी? म्हणाले, "नको ताई. तेलाला धूळ धरते, मग आतमध्ये चिखल." शेवटी थोडं पांढरं ग्रीस लावलं आणि लाल चित्र गेलं.

पण माझ्या मनातली आणखी एक गोष्ट मी बोलले. पावसाळा सुरू झाल्यापासून ते दार उघडताना आत पाणी डचमळल्यासारखा आवाज यायचा. घरी सांगितलं तर सगळे हसले होते. दारात कुठून पाणी येणार? चाचा हसले नाहीत. खाली वाकले आणि दाराच्या तळाशी असलेल्या बारीक भोकांत तार घातली. तांब्याभर तरी गढूळ पाणी बाहेर पडलं! काचेच्या कडेच्या रबरातून पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतंच. ते खालच्या भोकांतून निघून जावं अशी सोय असते. आमची भोकं चिखलाने बुजलेली. काचेचं रबरही फाटलेलं. त्या ओलीनेच स्विच खाल्ला.

चाचांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं की हे किती दिवस टिकेल, सांगता येत नाही. तीन आठवडे टिकलं. मग पूर्ण लॉकच बदललं, कारण आतला स्विच वेगळा मिळत नव्हता. लॉक अठराशे, मजुरी चारशे, रबर वेगळं. तोवरची तीन आठवड्यांची शांतता मला फुकटात मिळाली असं मी धरते. आणि आधीच्या महिन्यांत एक साधी गोष्ट माहीत असती तरी पुष्कळ वाचलं असतं. छतातल्या दिव्याला तीन खटके असतात. एक कायम चालू, एक दाराबरोबर, एक बंद. तो बंदवर सरकवला असता तर रात्रभर दिवा तरी जळला नसता. तीन खटके! दहा वर्षं ती गाडी आमच्याकडे आहे आणि तिथे मी कधी हात लावला नव्हता. अर्थात तो तात्पुरता उपाय. लाल चित्र कायम चालू असलं की आपण ते बघायचं सोडून देतो, आणि ज्या दिवशी मागे बसलेल्या लेकराचं दार खरंच उघडं असेल त्या दिवशीही बघणार नाही. तो धोका दिव्याहून मोठा.

आता मला जे म्हणायचंय ते. मला त्या गॅरेजच्या पोराचा फार राग नाही. तो घरात जे बघत आला, तेच बोलला. राग येतो तो आपला, आपल्या बायकांचा! "मला बाई त्यातलं काही कळत नाही" हे वाक्य आपण किती कौतुकाने म्हणतो! जणू न कळणं हा एखादा दागिना आहे. कुकरची शिट्टी होईना तर आपण आवाजावरून ओळखतो, रिंग सैल झाली की वजनात कचरा अडकला. मिक्सर फिरेना तर भांडं नीट बसलंय का बघतो. कपड्यांचं मशीन सुरू होईना तर आधी झाकण तपासतो. हे सगळं यंत्रांचं निदानच आहे ना? मग गाडीपाशी आलो की आपली अक्कल उंबऱ्यात काढून ठेवायची का?

गाडी चालवायच्या क्लासात मला आठ काढायला शिकवलं, गिअर शिकवले, चढावर गाडी थांबवायला शिकवलं. बॉनेट एकदाही उघडून दाखवलं नाही. बॅटरी उतरली तर दुसऱ्या गाडीवरून वायर कशी जोडायची, लाल कुठे, काळी कुठे, हे कोणी सांगितलं नाही. लाल आधी आपल्या बॅटरीच्या अधिक खुणेला, मग दुसरीच्या अधिकला. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या वजाला, आणि तिचं दुसरं टोक आपल्या उतरलेल्या बॅटरीला नाही, तर बॅटरीपासून लांब, इंजिनच्या उघड्या लोखंडाला. ठिणगी उडाली तर बॅटरीपाशी उडू नये म्हणून. केवढं महत्त्वाचं आहे हे! आणि मला ते वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, टपरीवर उभं राहून कळलं.

गंमत बघा, मोटारगाडीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईनेच केलाय. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेल्या गाडीतून जर्मनीतल्या मॅनहाइमहून माहेरी फोर्झहाइमला गेली. शंभरेक किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तर तिने टोपीची पिन काढून साफ केली. एका वायरीचं आवरण झिजलं, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले तर चांभाराकडून त्यावर कातडं ठोकून घेतलं. इंधन संपलं ते औषधाच्या दुकानातून भरलं. तिला कोणी म्हणालं नसेल, साहेबांना पाठवा! म्हणायला साहेब तिथे होतेच कुठे?

कोणी म्हणेल, एवढं कशाला? मेकॅनिक आहेत ना. आहेतच, आणि असू देत. मी काही हातात पाना घेऊन गाडीखाली शिरणार नाहीये. डॉक्टरकडे आपण स्वतः ऑपरेशन करायला जात नाही. पण कुठे दुखतंय, कधीपासून, काय खाल्ल्यावर, हे तर आपणच सांगतो ना? तेवढंच गाडीचं सांगता यावं. ते सांगता आलं नाही म्हणून माझी बॅटरी गेली. आणि आईंचं काय झालं असतं, ते मी पुन्हा लिहीत नाही.

आमच्या यांनी चूक कबूल केली का, असं मैत्रिणी विचारतात. आपले पुरुष कबूल कसे करतात ते तुम्हाला माहीत आहे. त्यांनी दोन-तीनशे रुपयांचा व्होल्ट मोजायचा मीटर आणून गुपचूप माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. आता रविवारी सकाळी मीच मोजते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर साडेबाराच्या वर आकडा दिसला की जिवाला बरं वाटतं. बाराच्या खाली गेला की शोधाशोध सुरू.

आमची आठ जणींची भिशी आहे. त्यातल्या पाच जणी गाडी चालवतात. दिवाळीनंतरच्या भिशीत मी चाचांना बोलावलं. बटाटेवडे, चहा आणि अंगणात दोन गाड्यांची बॉनेटं उघडी. आधी सगळ्या लाजल्या. मग एकीने विचारलं, हे पाणी कुठलं, वायपरचं की इंजिनचं? आणि जी प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली, ती चाचांना चहा प्यायला मिळेना. प्रत्येकीने जबडा मिटवून लाल चित्र घालवून बघितलं. आईंनी व्हरांड्यातून सूचना केल्या. एकीच्या गाडीची डिकीच नीट लागत नव्हती, ते तिथल्या तिथे सापडलं.

जाताना चाचांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "पुढच्या महिन्यात चाक बदलायला शिकवतो. पण ताई, साड्या नेसून येऊ नका, जॅक लावायला अवघड जातं."

मी म्हटलं, "चाचा, पंक्चर होतं तेव्हा आम्ही साडीतच असतो."

"मग तसंच शिकवतो," म्हणाले, आणि सायकलला टांग मारून गेले.